आप्पांचा लवाजमा

माणसाची थोरवी तो किती पुढे गेला यावरून ठरत नाही, त्याच्या मागे कोण उभं आहे यावरून ठरते, असं एक थोर वचन आहे. हे वचन भिकनआप्पांचं. ते त्यांनी उच्चारलं तेव्हा ते नवागामातल्या पिठाच्या गिरणीपुढच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभे होते. त्यांच्या मागे एक बकरी होती.

मी सुरतेला आले ती महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून. माहेर परभणीकडचं, नवरा हजिऱ्याच्या एका कारखान्यात, आणि नेमणूक नवागामला. पहिल्या दिवशी नाक्यावर रिक्षातून उतरले आणि शाळेचा रस्ता विचारला. पांढरा पायजमा, नीळ जास्त झालेली टोपी आणि खांद्यावर पंचा असलेल्या एका माणसाने हाताने रस्ता दाखवला. मी चालू लागले, तसा तोही माझ्या मागून चालू लागला. मी थांबले की थांबायचा. मी वळून पाहिलं की आकाशाकडे पाहायचा. शाळेच्या फाटकाशी मी चिडून विचारलं, "काय हो, काही काम आहे का?"

"नही बाई. तुम्ही चाला. मी मांगे शे."

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका मला वाट द्यायला लागल्या आणि शाळेचा शिपाई उभा राहिला. तो शिपाई मुख्याध्यापकांसाठीही उभा राहत नसे. पुढे ओळख झाल्यावर मी आप्पांना याचा अर्थ विचारला. त्यांनी डबीतून तंबाखू काढली, चुना लावला आणि समजावून सांगितलं, "नवी बाई एकली उनी तर गल्ली म्हनस, बदलीनी बाई शे, महिनाभरमा जाई. मांगे कोनी व्हयना का म्हनस, मोठी बाई शे, ऱ्हाई."

मी राहिले. ते आप्पांमुळे की बदलीचे अर्ज नामंजूर झाल्यामुळे, हे सांगता येणार नाही.

आप्पा मूळचे दोंडाईच्याकडचे. तरुणपणी सुरतेला आले आणि यंत्रमागावर लागले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी होती. पट्ट्यात हात गेला होता. जखम भरल्यावर ते शेटला भेटायला एकटेच गेले, तर वॉचमनने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी गेले, पुन्हा परत. मग त्यांनी खोलीवरचे चार सोबती बरोबर घेतले. चौघांना काही बोलायचं नव्हतं, काही मागायचं नव्हतं. नुसतं आप्पांच्या मागे उभं राहायचं होतं. थोड्या वेळाने मॅनेजर स्वतः फाटकापर्यंत आला आणि "काय पाहिजे?" म्हणाला. आप्पांना मागावरून काढून बॉबिन भरायचं काम मिळालं. नोकरी टिकली.

"चारी जननी काहीच करं नही बाई," आप्पा मला सांगायचे. हे सांगताना त्यांच्या आवाजात दर वेळी नवं आश्चर्य असे. "नुसता उभा व्हतात! त्यामा एक तर झोपी ऱ्हायंता."

त्या दिवसापासून आप्पांनी आयुष्याचा एक सिद्धांत बांधला. तो त्यांच्याच शब्दांत असा: "एकला मानूस म्हंजे अर्ज. चार मानसे म्हंजे हुकूम."

सिद्धांत झाला, तसं प्रात्यक्षिकही आलं. गल्लीत कोणाचं रेशनकार्ड अडलं, कोणाला दवाखान्यात खाट मिळेना, कोणाच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे असले, की आप्पा लवाजमा काढत. शब्द त्यांचाच. "उद्या सकायले लवाजमा काढनं शे" असं ते दुसरा कोणी "उद्या बाजार आहे" म्हणेल तशा सुरात म्हणत. लवाजम्यात कायमचे दोघे. सुपडू हा उंच, मिशाळ आणि काळ्या चष्म्याचा. चष्मा डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरने महिन्यापुरता दिला होता, पण आप्पांनी तो उतरू दिला नाही. दुसरा हिलाल. त्याच्याकडे ब्रीफकेस होती. तिच्यात भाकरी असे. बाकीचे दोघेतिघे ज्यांची रात्रपाळी संपून नुकतीच आंघोळ झाली असेल ते.

लवाजम्याचे नियम कडक होते. बोलायचं नाही. मान डोलवायची नाही, कारण मान डोलवणारा माणूस स्वस्त दिसतो. थुंकायचं नाही. ज्याचं काम असेल तो पुढे, बाकीचे मागे, आणि आप्पा सगळ्यांत मागे. साहेबाने "हे कोण?" असं विचारलं, तर ज्याचं काम असेल त्याने म्हणायचं, "माझी माणसं."

प्रत्येक वेळी यश मिळे असं नाही. एकदा एका बाळंतिणीला रक्त हवं होतं म्हणून आप्पा लवाजमा घेऊन दवाखान्यात गेले. तिथली नर्स अनुभवी होती. तिने लवाजमा पाहिला आणि "छान झालं, एवढे जण आलात" म्हणून सगळ्यांना आत घेतलं. सुपडूचा काळा चष्मा त्या दिवशी पहिल्यांदा उतरला. तो चक्कर येऊन पडला होता. बाळंतीण बरी झाली, पण पुढे बरेच दिवस लवाजम्याला माणसं मिळणं अवघड झालं.

मला हा सगळा प्रकार पटत नसे. मोठ्या माणसांच्या मागे धावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. साहेब शिंकले की रुमाल काढणारी, साहेब हसले की का हसले हे न विचारता हसणारी. गरिबांनी निदान ही एक गोष्ट तरी श्रीमंतांकडून उचलू नये, असं माझं मत होतं. ते मी एकदा आप्पांना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तो लवाजमा जेनाकडे शे तेना मांगे जास. आपला लवाजमा जेनाकडे नही तेना मांगे जास."

मी वर्गावर गेले.

माझ्या सातवीच्या वर्गात तेव्हा मंगल नावाची मुलगी होती. तिची आई इंदूबाई मलकापूरकडची, घरी बसून साडीला टिकल्या लावायची. वडील हजिऱ्याला एका ठेकेदाराकडे वेल्डिंगचं काम करत आणि पंधरवड्यातून एकदा घरी येत. मंगल हुशार होती. म्हणजे तिला प्रश्न पडत, आणि उत्तर चुकलं तर राग येई. आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढे आठवीसाठी जवळ होतं ते एका ट्रस्टचं हायस्कूल, त्यात मराठी माध्यमाची एकच तुकडी, आणि तिच्यातल्या जागा कधीच भरलेल्या. काही थोड्या जागा ट्रस्टच्या सभासदांनी शिफारस केलेल्या मुलांसाठी राखून ठेवत. नवागामात ट्रस्टचा सभासद कोणी नव्हता. ट्रस्ट आहे हेसुद्धा फार जणांना ठाऊक नव्हतं.

आठवीत प्रवेश नाही, याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना माहीत होता. मुलगी आईशेजारी बसते आणि टिकल्या लावते. टिकल्या लावायला लागलेली मुलगी मी पुन्हा वर्गात आलेली पाहिली नव्हती.

इंदूबाई हायस्कुलाच्या ऑफिसात जाऊन आल्या. तिथले क्लार्क जयंतीभाई मोठे गोड बोलणारे. "काले आवजो, बेन." दुसऱ्या दिवशी गेल्या. "साहेब मीटिंगमां छे, बेन. काले आवजो." मग मी चिठ्ठी लिहून दिली. जयंतीभाईंनी ती आदराने वाचली आणि आदराने काचेच्या पेपरवेटखाली ठेवली. तिथे आधीच बऱ्याच आदरणीय चिठ्ठ्या होत्या. मी स्वतः गेले तर मला त्यांनी चहा पाजला, आणि मलाही "काले" म्हणाले.

प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात इंदूबाई शाळेत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. "बाई, मले वाचता येत नाई. पन मानसाचं तोंड वाचता येते. तो मानूस नाई म्हनून राह्यला, हासू हासू." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माह्या पोरीले टिकल्या लावता येतात. लई झकास लावते. म्हनून तर भ्या वाटते."

हे बोलणं आप्पांच्या कानावर कसं गेलं ते कळलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी ते आले आणि म्हणाले, "बाई, उद्या तुम्ही बी."

"मी? लवाजम्यात?"

"तुमना खिसाले पेन शे." मला खिसा नव्हता. पण पर्सला अडकवलेलं पेन होतं, आणि आप्पांच्या हिशेबी तेवढं पुरे होतं. "फक्त बोलानं नही. मास्तर लोकेसले ती सवय ऱ्हास म्हनीसन सांगस."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पुढे इंदूबाई, ठेवणीतल्या साडीत. त्यांच्या शेजारी मंगल, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. मागे सुपडूचा चष्मा, हिलालची ब्रीफकेस, रात्रपाळीचे दोघे, मी आणि माझं पेन, आणि सगळ्यांत शेवटी आप्पा. हायस्कुलाच्या शिपायाने आम्हाला पाहून तोंडातलं पान गिळलं. जयंतीभाई खुर्चीतून अर्धे उठले.

"तमे बधा कोण?"

इथे इंदूबाईंनी "माझी माणसं" म्हणायचं ठरलं होतं. पण ऐन वेळी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी मागे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी मागे पाहिलं. आप्पांनी घसा साफ केला. वीस-बावीस वर्षं सुरतेत काढलेल्या माणसाची गुजराती त्यांच्याकडे होती. म्हणजे शब्द सगळे मराठी आणि शेवट गुजराती. त्या गुजरातीत ते गंभीरपणे म्हणाले,

"आ बेननो लवाजमो छे."

जयंतीभाईंचा चेहरा बदलला. "बेननुं लवाजम? भरवानुं छे के भरेलुं छे?"

भरलेला आहे का, एवढंच आप्पांना कळलं. त्यांनी आमच्याकडे एक नजर टाकली. सुपडू, हिलाल, रात्रपाळीचे दोघे, मी. एकही जागा रिकामी नव्हती. "भरेलो," ते अभिमानाने म्हणाले. "पुरेपूर भरेलो छे."

"अरे, तो पहेलां कहेवुं जोईए ने, बेन!" जयंतीभाई पूर्ण उठले. "बेसो, बेसो! सभ्य छो ने केटला दिवसथी ऊभां रहो छो! ए, चा लाव!"

इंदूबाई खुर्चीत बसल्या. चहा आला. मंगलसाठी फॉर्म आला. गेल्या पंधरा दिवसांत न हललेलं ते ऑफिस एकदम वाहू लागलं. लवाजम्याच्या चेहऱ्यावर, नियमाप्रमाणे, काहीही नव्हतं. फक्त आप्पा मला हळूच म्हणाले, "दखं का?"

मी पाहिलं होतं. पण माझ्या ध्यानात दुसरंच काही आलं होतं. गुजरातीत सभ्य म्हणजे सभासद आणि लवाजम म्हणजे वर्गणी. मासिकाचं लवाजम, मंडळाचं लवाजम, ट्रस्टच्या सभासदत्वाचं लवाजम. आप्पा सांगत होते की या बाईंच्या मागे माणसं आहेत. जयंतीभाई ऐकत होते की या बाई संस्थेच्या सभासद आहेत आणि त्यांची वर्गणी भरलेली आहे.

तेवढ्यात आतल्या खोलीतून ट्रस्टी बाहेर आले. धोतर, बंद गळ्याचा कोट, हातात काठी. त्यांना सगळे काका म्हणत. जयंतीभाईंनी "आपणां सभ्य बेन" अशी ओळख करून दिली. काकांनी चष्मा कपाळावर चढवून इंदूबाईंकडे पाहिलं. "कोणतं वर्ष?" ते मराठीत म्हणाले. त्यांना बरं मराठी येत होतं. "मला सगळे सभासद तोंडपाठ आहेत. ह्या बाई मला आठवत नाहीत."

लवाजमा बोलत नसतो. इंदूबाईंनी कपबशी टेबलावर ठेवून दिली. मंगल फॉर्मवर आपलं नाव लिहीत होती, ती 'मं' लिहून थांबली.

मी बोलले. घोटाळा कसा झाला ते सगळं सांगितलं. तुमचं लवाजम काय आणि आमचा लवाजमा काय. बोलत असताना माझ्या पाठीवर आप्पांची नजर मला जाणवत होती.

माझं संपल्यावर काकांची काठी हलायला लागली. ते हसत होते. "म्हणजे ही सगळी माणसं," त्यांनी काठीने सुपडूपासून आप्पांपर्यंत दाखवलं, "ह्या बाईंचं लवाजम?" आणि जयंतीभाईंकडे वळून म्हणाले, "जयंती, पावती फाड! सहा जण तर समोर दिसतात!"

मग ते मंगलकडे वळले. "तू कोणाबरोबर आलीस?"

"आईबरोबर," मंगल म्हणाली. "बाकीचे आईबरोबर आलेत."

काकांनी तिचं गुणपत्रक पाहिलं. ते बराच वेळ पाहिलं. नंतर त्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं आणि तेही पाहिलं. "ह्या भागात राहणारा कोणीही सज्ञान माणूस लवाजम भरून सभासद होऊ शकतो. साडीला टिकल्या लावणाऱ्याने होऊ नये, असं ह्यात कुठे लिहिलेलं नाही." आणि सूर बदलून म्हणाले, "खरं म्हणजे ते लिहायचं आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही."

सुपडूचा हात खिशाकडे गेला. इंदूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की ते काळ्या चष्म्यातूनही त्याला दिसलं असावं. "मी भरते," त्या म्हणाल्या. "माहं हाय ते मी भरते." त्यांनी भरलं, पावतीवर अंगठा उमटवला, आणि नवागामातल्या पहिल्या सभासदाने आपल्या मुलीची शिफारस केली. मंगलने 'मं'च्या पुढची अक्षरं लिहिली.

परत येताना आप्पा नेहमीप्रमाणे मागे होते, पण गप्प होते. गिरणीपाशी आल्यावर मी विचारलं, "आप्पा, काम झालं ना?"

"काम व्हयनं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख होतं. "पन लवाजमा बोलना." नियम मोडला होता, आधी त्यांनी आणि मग मी.

पुढच्या सुट्टीत मी शहरातल्या मोठ्या वाचनालयात गेले आणि कोश काढून बसले. शब्द मूळचा अरबी. दोन्ही भाषांत एकाच घरातून आलेला. त्याचा मूळ अर्थ आवश्यक गोष्टी, ज्यांच्यावाचून चालायचं नाही त्या. तो शब्द घेऊन गुजरातीने त्यातून वर्गणी काढली आणि मराठीने त्यातून माणसं काढली. दोन्ही भाषा आपापल्या स्वभावाला जागल्या म्हणायच्या. तसा सुरतेला मराठी लवाजमा पूर्वीही येऊन गेला होता. त्या वेळी पावती फाडायचा प्रश्न आला नव्हता.

हा अर्थ मी आप्पांना सांगितला. "म्हणजे मोठ्या माणसाच्या मागची जी माणसं आपण फालतू समजतो, त्यांना अरबीत म्हणतात आवश्यक."

आप्पांना त्यात नवं काही वाटलं नाही. "मंग?" ते म्हणाले. "नही तर कशाले ऱ्हातात?"

त्यानंतरच्या वर्षांत नवागामातून ट्रस्टला सभासद मिळत गेले. आधी मुलींच्या आया, मग त्या आयांच्या जावा, मग आपली बायको सभासद झाली म्हणून चिडलेले नवरे. प्रत्येकजण पहिल्यांदा जयंतीभाईंसमोर जायला घाबरे, आणि प्रत्येकाच्या मागे आप्पा उभे असत. जयंतीभाईंना त्यांची इतकी सवय झाली की आप्पा दारात दिसले की ते न विचारता पावतीपुस्तक उघडत. मराठीची दुसरी तुकडी निघाली. त्यात आठवीला आलेल्या मुली मी मोजल्या नाहीत. मोजायची गरज राहिली नव्हती, म्हणून मोजल्या नाहीत.

प्लेगच्या वर्षी शहर रिकामं झालं. आधी मोटारी गेल्या, मग स्कूटर, मग चालत जाणारे. नवागामातलेही बरेच जण मिळेल त्या गाडीने खान्देशात गेले. आप्पा राहिले. मी परत आले तेव्हा ते कुलूप लावलेल्या घरांपुढच्या तुळशींना पाणी घालत फिरत होते. मी रागावले. ते म्हणाले, "मोठे पुढे गयात. कोनी तरी मांगे ऱ्हावाले पाहिजे का नही?"

एका वर्षी ट्रस्टच्या वार्षिक सभेला फार मोठे पाहुणे आले. कोण ते सांगण्यात अर्थ नाही, आता ते कोणालाच आठवत नाहीत. पाहुण्यांबरोबर त्यांचा लवाजमा आला, आणि तो सरळ सभासदांच्या खुर्च्यांवर बसला. जयंतीभाई हात चोळत उभे. सभासद भिंतीला टेकून उभे. आणि इंदूबाई, ज्या पहिल्या वर्षी आम्हाला सगळ्यांना फाटकापर्यंत घेऊन आल्या होत्या आणि नंतर एकट्याच येऊ लागल्या होत्या, त्या तिसऱ्या रांगेतल्या आपल्या खुर्चीपाशी गेल्या. तिथे सफारी घातलेले गृहस्थ बसले होते.

"भाई, तमारुं लवाजम भर्युं छे?"

"अमे साहेबनी साथे छीए," गृहस्थ म्हणाले.

"ते दिसून राह्यलं," इंदूबाई म्हणाल्या. "पन लवाजम?"

त्या रांगेत थोडी चुळबूळ झाली. एक उठला, त्याचं पाहून दुसरा. सफारीवाल्यांनी जरा विचार केला आणि "केटलुं छे?" असं विचारलं. पण तोवर काकांची काठी वाजायला लागली होती, तेव्हा तेही उठले.

मला वाटलं, ही हकीकत ऐकून आप्पा खूश होतील. सभेच्या वेळी ते नेहमी बाहेरच उभे असत. त्यांना आत यायचा कंटाळा आहे, असं मी समजत असे. मी त्यांना शोधत बाहेर आले तर ते चहाच्या टपरीवर होते. बाकावर सफारीवाले आणि त्यांचे सोबती दाटीवाटीने बसले होते, आणि आप्पा त्यांना चहा पाजत होते. मी सांगायला लागले तर त्यांनी मला हाताने थांबवलं.

"त्या बी लवाजमाच शेतस, बाई," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "मानूस मांगे उभा ऱ्हाईसन थकस."

मंगल बारावी झाली आणि तिने पी.टी.सी.ला, म्हणजे शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला, अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी आप्पांनी सुपडूला चष्मा शोधायला लावला होता. पण मंगल सकाळीच निघून गेली, एकटी, कोणाला न सांगता. दुपारी ती परत आली तेव्हा आप्पा गिरणीच्या रांगेत होते.

"एकली गई?"

"हो, आप्पा."

"आनी?"

"मिळालं."

आप्पांनी पिठाचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. अर्धी बोटं डब्याच्या कडीत नीट बसेनात, म्हणून पुन्हा पहिल्या हातात घेतला. "मंग तू आते मोठी व्हयनी," ते म्हणाले. "आमनी सुट्टी." मग ते रांग सोडून तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत गेले, ही बातमी इंदूबाईंना द्यायला. मी गिरणीपाशीच होते. मी पाहिलं, मंगल दर थोड्या वेळाने थांबत होती, त्यांनी बरोबरीने चालावं म्हणून. ती थांबली की आप्पाही थांबत होते.

पुढे आप्पांनी काम सोडलं आणि ते गावी मुलाकडे गेले. एका उन्हाळ्यात हिलाल ब्रीफकेस घेऊन शाळेत आला आणि नुसता उभा राहिला, तेव्हाच मला कळलं. आम्ही मिळेल ती गाडी धरून निघालो, पण पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. नवागामातलं कोणीही त्यांच्या मागून चालू शकलं नाही. गावात विचारलं, तर लोक म्हणाले, भिकन तो? चांगला माणूस, कोणाच्या पुढे गेला नाही.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत काकांनी शोकप्रस्ताव मांडायचं ठरवलं. मजकूर मी लिहिला आणि मंगलने वाचला. ती तोवर पुढे शिकून त्याच हायस्कुलात आठवीच्या नव्या तुकडीला शिकवू लागली होती. 'संस्थेचे ज्येष्ठ सभासद कैलासवासी भिकनआप्पा यांच्या निधनाने संस्थेची अपरिमित हानी झाली आहे,' असा मजकूर होता. अपरिमित हा शब्द मी एरवी वापरत नाही. मुख्य पाहुण्यांसकट सगळे उठून उभे राहिले. निम्मं सभागृह नवागामचं होतं. इंदूबाई तिसऱ्या रांगेत, सुपडू चष्म्यासकट. कोणी मान डोलवली नाही. कोणी बोललं नाही. काकांची काठीसुद्धा वाजली नाही.

सगळे बसल्यावर इतिवृत्त लिहिणारे जयंतीभाई माझ्याकडे वाकले. सभासदाचा शोकप्रस्ताव नोंदवताना नावापुढे सभासद क्रमांक लिहावा लागतो, आणि तो त्यांना काही केल्या सापडत नव्हता.

भिकनआप्पांनी लवाजम कधी भरलंच नव्हतं.